रेणूचा स्वभाव त्याच्या रचनेत

(चाकूर येथील स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



ही व्याख्यानमाला ज्यांच्या स्मरणार्थ चालते ते विज्ञानाचे शिक्षक होते. शिक्षकाची आठवण जपायची तर त्याने आयुष्यभर केलेले काम थोडे पुढे न्यावे, असे मला वाटते. म्हणून आजच्या या तासाचा मी वर्गच करणार आहे. विषय आहे कार्बनी संयुगांचे, म्हणजे सेंद्रिय रसायनशास्त्र. दहावीच्या पुस्तकात 'कार्बनी संयुगे' या धड्यात त्याची ओळख होते. अकरावीत ते अंगावर येते. बारावीत, 'नीट'च्या तयारीत, त्याची अभिक्रियांची एक लांबच लांब यादी होऊन बसते.

आपल्या भागात हा विषय घरोघरी पोचलेला आहे. चाकूर, अहमदपूर, उदगीरची मुले लातूरला खोली करून राहतात, मेसचे जेवतात आणि पहाटेपासून अभ्यासाला बसतात. लातूर पॅटर्नने खेड्यातल्या मुलाला डॉक्टर होण्याची वाट दाखवली, ही साधी गोष्ट नाही. त्या मुलांच्या कष्टांबद्दल मला मनापासून आदर आहे. पण हीच मुले भेटली की एक प्रश्न हटकून विचारतात: "सर, एवढ्या अभिक्रिया लक्षात कशा ठेवायच्या?" त्या प्रश्नाला माझ्याकडे एका वाक्याचे उत्तर आहे: रेणूचा स्वभाव त्याच्या रचनेत असतो. रचना वाचायला शिका, मग पाठ करायचे फार थोडे उरते.

हे नुसते सांगून पटणार नाही. म्हणून आज उदाहरणे आपल्याच शिवारातली आणि आपल्याच बाजारातली घेतो, म्हणजे समोर बसलेल्या शेतकरी पालकांनाही हा वर्ग आपला वाटेल.

युरियाचे पोते

पेरणीनंतर चाकूरच्या कृषी सेवा केंद्रांपुढे युरियासाठी रांग लागते. त्या पोत्यावर छापलेले असते: नायट्रोजन ४६ टक्के. हा आकडा येतो कुठून? युरियाच्या एका रेणूत एक कार्बन, एक ऑक्सिजन, दोन नायट्रोजन आणि चार हायड्रोजन असतात. कार्बनचे वजन १२, ऑक्सिजनचे १६, दोन नायट्रोजनचे मिळून २८, चार हायड्रोजनचे ४. बेरीज ६०. साठात अठ्ठावीस म्हणजे ४६ टक्क्यांहून थोडे जास्त. ४५ किलोच्या पोत्यातून शेताला २० किलोंच्या वर नायट्रोजन मिळतो. दहावीच्या मुलाने हे गणित वडिलांना करून दाखवावे. रसायनशास्त्राचा पहिला धडा तिथेच होतो.

पण हा युरिया केवळ खत नाही. आपल्या विषयाच्या इतिहासात त्याचे स्थान फार मोठे आहे. अठराव्या शतकात तो मूत्रातून वेगळा काढला गेला होता. त्या काळी विद्वानांची अशी धारणा होती, की प्राण्यांच्या आणि वनस्पतींच्या शरीरात तयार होणारे पदार्थ घडवायला एक खास प्राणशक्ती लागते. काचेच्या भांड्यात ते होणार नाहीत. १८२८ मध्ये जर्मन रसायनशास्त्रज्ञ फ्रीडरिश व्होलर अमोनियम सायनेट नावाचा क्षार तयार करायला निघाले. हातात पांढरे स्फटिक आले, पण त्यांचे गुण अमोनियम सायनेटचे नव्हते. तपासले तर तो युरिया निघाला. मूत्रपिंडाचा संबंध नसताना आपण युरिया बनवला, असे त्यांनी आपले गुरू बर्झेलियस यांना उत्साहाने कळवले. प्राणशक्तीची कल्पना त्या एका प्रयोगाने लगेच संपली नाही. १८४५ मध्ये कोल्बे यांनी प्रयोगशाळेत ॲसिटिक आम्ल तयार केले आणि पुढे असे पदार्थ एकामागून एक तयार होत गेले, तेव्हा ती मागे पडली.

या गोष्टीत पुस्तके जिथे फार थांबत नाहीत, तिथे मला थांबायचे आहे. व्होलरना जे हवे होते ते अमोनियम सायनेट आणि जे मिळाले तो युरिया, या दोन्हींत अणू तेच आहेत: एक कार्बन, एक ऑक्सिजन, दोन नायट्रोजन, चार हायड्रोजन. एकही कमी नाही, एकही जास्त नाही. मग पदार्थ दोन कसे? कारण कोण कोणाला जोडलेला आहे, ते वेगळे आहे. बर्झेलियस यांनी १८३० मध्ये या प्रकाराला जे नाव दिले त्याला आपण समघटकता म्हणतो. सेंद्रिय रसायनशास्त्राचा पाया इथे आहे. पदार्थात काय काय आहे एवढे कळून पुरत नाही. ते कसे जोडले आहे, हे कळावे लागते.

चार बंध आणि लांब साखळ्या

जोडणीचे नियम मात्र अगदी थोडे आहेत. कार्बनच्या बाहेरच्या कक्षेत चार इलेक्ट्रॉन असतात. तो शेजाऱ्यांबरोबर इलेक्ट्रॉनची भागीदारी करतो आणि चार सहसंयुज बंध तयार करतो. नायट्रोजन तीन, ऑक्सिजन दोन, हायड्रोजन एक. चार, तीन, दोन, एक. एवढे चार आकडे माहीत असले की आपल्या विषयातल्या बहुतेक रेणूंची चित्रे काढता येतात. १८५८ मध्ये केकुले आणि कूपर यांनी स्वतंत्रपणे हे ओळखले, की कार्बन चार बंध करतो आणि कार्बनला कार्बन जोडून साखळ्याही बनवतो.

ही साखळी जोडण्याची ताकद, जिला पाठ्यपुस्तकात मालिकाबंधन शक्ती म्हटले आहे, कार्बनला खास लाभलेली आहे. त्याच्याच गटातला सिलिकॉन जमिनीत कार्बनच्या कितीतरी पट आहे. आपली काळी माती सिलिकॉन आणि ऑक्सिजनच्या संयुगांनी भरलेली आहे. तरी सजीव सृष्टी सिलिकॉनवर उभी राहिली नाही. कार्बन-कार्बन बंध तोडायला मोलमागे सुमारे ३५० किलोज्यूल ऊर्जा लागते, सिलिकॉन-सिलिकॉन बंधाला त्याच्या दोन तृतीयांश लागते. शिवाय सिलिकॉनची ओढ ऑक्सिजनकडे जास्त. त्यामुळे हवापाण्याच्या या जगात सिलिकॉनच्या लांब साखळ्या टिकत नाहीत. कार्बनच्या टिकतात, फुटतात, वळून कडी बनवतात. म्हणून आज माहीत असलेली कार्बनी संयुगे कोट्यवधी आहेत.

समघटकतेचे आणखी एक उदाहरण पाहू. आपल्या साखर कारखान्यांच्या मळीपासून इथेनॉल बनते, जे आता पेट्रोलमध्ये मिसळतात. त्यात दोन कार्बन, सहा हायड्रोजन, एक ऑक्सिजन. ऑक्सिजन साखळीच्या टोकाला बसला आणि त्याच्यावर एक हायड्रोजन आला, तर ते इथेनॉल. ७८ अंशांना उकळणारा द्रव. तोच ऑक्सिजन दोन कार्बनांच्या मध्ये बसला तर डायमिथिल ईथर. तो शून्याखाली २४ अंशांनाच उकळतो, म्हणजे आपल्याकडे कायम वायूच. अणू तेच, पण उत्कलनबिंदूत शंभर अंशांचा फरक. इथेनॉलमध्ये ऑक्सिजनवरचा हायड्रोजन शेजारच्या रेणूच्या ऑक्सिजनकडे ओढला जातो, रेणू एकमेकांना धरून राहतात. ईथरमध्ये तशी सोय नाही. रचना बघितली की कारण दिसते.

क्रियात्मक गट

साखळी हा रेणूचा सांगाडा झाला. त्याचे वागणे ठरते ते सांगाड्याला जोडलेल्या छोट्या गटावरून. यांना क्रियात्मक गट म्हणतात. ऑक्सिजन-हायड्रोजनची जोडी आली की अल्कोहोल. कार्बनला ऑक्सिजन दुहेरी बंधाने जोडला आणि त्याच कार्बनवर हायड्रोजन राहिला की अल्डिहाइड. त्या हायड्रोजनच्या जागी ऑक्सिजन-हायड्रोजनची जोडी आली की कार्बॉक्सिलिक आम्ल. नायट्रोजन आला की अमीन.

औसा तालुक्यातल्या कास्ती कोथिंबिरीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. कोथिंबिरीच्या पानाचा तो ताजा वास येतो मुख्यतः दहा-बारा कार्बनच्या साखळीच्या अल्डिहाइडांमुळे. त्याच झाडाला धणे लागतात. त्यांचा वास लिनालूल नावाच्या अल्कोहोलचा. झाड एक, पण गट बदलला की वास बदलला. पान कापले की वास सुटतो, आणि भाजी उकळत असताना घातलेली कोथिंबीर वास हरवून बसते, कारण हे रेणू लहान आहेत, चटकन उडून जातात. म्हणून आपल्या आयाबहिणी भाजी उतरवल्यावर कोथिंबीर घालतात. गॅसच्या सिलिंडरमधल्या प्रोपेन-ब्युटेनला स्वतःचा वास जवळजवळ नसतो. गळती कळावी म्हणून त्यात इथाइल मरकॅप्टन मिसळतात. ते रचनेने इथेनॉलसारखेच, फक्त ऑक्सिजनच्या जागी गंधक. तेवढ्यावर घर रिकामे करायला लावणारा वास तयार होतो.

गट सारखा असला तरी सांगाड्याकडे दुर्लक्ष करून चालत नाही. मिथेनॉल आणि इथेनॉल दोन्ही अल्कोहोल. एकात एक कार्बन, दुसऱ्यात दोन. रंग, वास, चव यांवरून सामान्य माणसाला फरक कळत नाही. २०१५ च्या जूनमध्ये मुंबईच्या मालवणी भागात विषारी दारूने शंभराहून अधिक माणसे मेली. त्या दारूत मिथेनॉल होते. यकृतातले एक विकर दोन्ही अल्कोहोलांवर सारखेच काम करते. इथेनॉलपासून अखेर ॲसिटिक आम्ल होते, जे शरीराला पचते. मिथेनॉलपासून आधी फॉर्मल्डिहाइड आणि मग फॉर्मिक आम्ल होते. ते साचत जाते, रक्त आम्लधर्मी करते आणि डोळ्यांच्या मज्जातंतूंना इजा करते. म्हणून त्या रुग्णांची आधी नजर जाते. वेळेत पोचलेल्या रुग्णाला डॉक्टर ते विकर अडवून धरणारे औषध देतात. ते नसेल तर देखरेखीखाली इथेनॉलच देतात, म्हणजे विकर त्यात गुंतते आणि मिथेनॉल जसेच्या तसे बाहेर टाकायला शरीराला वेळ मिळतो. डॉक्टर होऊ पाहणाऱ्या मुलांनो, समजातीय श्रेणीतली ही पहिली दोन नावे पाठ करताना त्या शंभर घरांची आठवण ठेवा. एका कार्बनाचा फरक हा गुणपत्रिकेपुरता नसतो.

पानचिंचोलीची चिंच

आता माझ्या सर्वांत आवडत्या रेणूकडे येतो. निलंगा तालुक्यातल्या पानचिंचोलीच्या चिंचेलाही भौगोलिक मानांकन आहे. चिंचेची आंबट चव टार्टरिक आम्लाची. गराच्या वजनात ते साधारण ८ ते १८ टक्के असते. आंबा पिकला की आंबटपणा जातो, चिंच मात्र पिकून गोड झाली तरी आंबट राहते, कारण पिकताना तिच्यात साखर वाढते पण टार्टरिक आम्ल फारसे कमी होत नाही. या रेणूत चार कार्बन आहेत. दोन्ही टोकांना आम्लाचा गट आणि मधल्या दोन कार्बनांवर अल्कोहोलचा. चिंचेने तांब्यापितळेची भांडी लखलखतात ती या गटांमुळेच: आम्ल धातूवरचा काळपट थर विरघळवते आणि सुटलेल्या तांब्याच्या आयनांना हे गट धरून ठेवतात.

द्राक्षाच्या दारूच्या पिंपांतही हेच आम्ल जमते. युरोपात त्याच्याबरोबर आणखी एक आम्ल सापडले होते. सूत्र तेच, गटही तेच. पण एक फरक होता. टार्टरिक आम्लाच्या द्रावणातून ध्रुवित प्रकाश गेला की त्याचे प्रतल वळते. या दुसऱ्या आम्लातून गेला तर वळत नाही. १८४८ मध्ये पंचवीस वर्षांच्या लुई पाश्चर यांनी या दुसऱ्या आम्लाच्या सोडियम-अमोनियम क्षाराचे स्फटिक भिंगाखाली पाहिले. त्यांना दोन प्रकारचे स्फटिक दिसले. आपला डावा आणि उजवा हात जसे एकमेकांची आरशातली प्रतिमा असतात पण एकावर एक तंतोतंत बसत नाहीत, तसे. त्यांनी ते हाताने निवडून दोन ढीग केले. एका ढिगाच्या द्रावणाने प्रकाश उजवीकडे वळवला, दुसऱ्याने तेवढाच डावीकडे. दोन्ही एकत्र असताना परिणाम शून्य होत होता. वृद्ध शास्त्रज्ञ बिओ यांनी हा प्रयोग पाश्चरकडून आपल्यासमोर पुन्हा करवून घेतला, मगच विश्वास ठेवला.

या शोधात हवामानाचाही वाटा आहे. तो क्षार सुमारे २७-२८ अंशांच्या खाली स्फटिकरूप झाला तरच डावे-उजवे स्फटिक वेगळे होतात. त्याहून उष्ण हवेत दोन्ही एकाच स्फटिकात मिसळून बसतात. आपल्या एप्रिल-मेच्या उन्हाळ्यात हा प्रयोग उघड्यावर करून पाहिला असता तर काहीच दिसले नसते.

पाश्चर यांना डावे-उजवे दिसले, पण रेणूत ते कुठून येते हे सांगता येईना. ते उत्तर १८७४ मध्ये आले. हॉलंडचे यान हेन्रिकुस फान्ट हॉफ आणि फ्रान्सचे ल बेल यांनी स्वतंत्रपणे सांगितले, की कार्बनचे चार बंध कागदावर काढतो तसे सपाट नसतात. ते चतुष्फलकाच्या चार कोपऱ्यांकडे जातात, प्रत्येक दोहोंत सुमारे १०९.५ अंशांचा कोन ठेवून. चार कोपऱ्यांवर चार वेगवेगळे गट आले की त्या मांडणीची आरशातली प्रतिमा वेगळी निघते. फान्ट हॉफ त्या वेळी बावीस वर्षांचे होते. नामवंत कोल्बे यांनी त्यांच्यावर जाहीर आणि बोचरी टीका केली. १९०१ मध्ये रसायनशास्त्राचे पहिले नोबेल पारितोषिक फान्ट हॉफ यांना मिळाले, ते त्यांच्या दुसऱ्या कामासाठी. पण आज अकरावीच्या पुस्तकात चार एकेरी बंधांचा प्रत्येक कार्बन चतुष्फलकी असतो तो त्या बावीस वर्षांच्या तरुणामुळे. वयाने लहान आहोत म्हणून प्रश्न विचारायला कचरणाऱ्या मुलामुलींसाठी हे मुद्दाम सांगतो.

आकार महत्त्वाचा आहे याचा पुरावा आपल्या ताटातही आहे. सोयाबीनच्या तेलातल्या मेदाम्लांत दुहेरी बंध असतात आणि त्या जागी साखळीला बाक येतो. बाक आलेल्या साखळ्या एकमेकींजवळ नीट बसत नाहीत, म्हणून तेल पातळ राहते. निकेलच्या सान्निध्यात हायड्रोजन जोडला की दुहेरी बंध जातात, साखळ्या सरळ होतात आणि तेलाचे वनस्पती तूप होते. अर्धवट हायड्रोजनीकरणात काही दुहेरी बंध शिल्लक राहतात पण त्यांचा बाक उलटा होऊन साखळी जवळजवळ सरळ होते. हीच ती ट्रान्स मेदाम्ले, हृदयाला घातक. २०२२ च्या जानेवारीपासून भारतात तेला-तुपात त्यांची मर्यादा २ टक्क्यांवर आणली गेली.

इलेक्ट्रॉन कुठून निघाला, कुठे पोचला

आता अभिक्रियांकडे येऊ, कारण मुलांची खरी भीती तिथे आहे. १९२२ मध्ये कर्मॅक आणि रॉबर्ट रॉबिन्सन यांनी इलेक्ट्रॉनांची हालचाल दाखवायला वाकडा बाण वापरला. बाणाचे शेपूट जिथून इलेक्ट्रॉन निघाले तिथे, टोक जिथे पोचले तिथे. एवढीच ती खूण, पण तिने या विषयाला शिस्त आणली. रॉबिन्सन यांना १९४७ मध्ये नोबेल मिळाले. त्यांच्याकडे मँचेस्टरला शिकलेले के. व्यंकटरामन १९३८ मध्ये मुंबई विद्यापीठाच्या रासायनिक तंत्रज्ञान विभागाचे, म्हणजे यूडीसीटीचे प्रमुख झाले आणि १९५७ मध्ये पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे पहिले भारतीय संचालक. त्यांच्यानंतर ती जबाबदारी बाळ दत्तात्रेय टिळक यांच्याकडे आली; तेही ऑक्सफर्डला रॉबिन्सन यांच्याच हाताखाली शिकलेले. महाराष्ट्राच्या रसायन उद्योगाला माणसे पुरवणाऱ्या या दोन संस्थांमध्ये तो बाण असा थेट गुरुशिष्य परंपरेने आला.

बाण काढायचा तर आधी रेणूत इलेक्ट्रॉन कुठे जास्त आणि कुठे कमी, ते पाहायचे. ऑक्सिजन आणि नायट्रोजन इलेक्ट्रॉन आपल्याकडे ओढतात, म्हणून त्यांना जोडलेला कार्बन थोडा धनभारित होतो. जिथे इलेक्ट्रॉन कमी, ती जागा इलेक्ट्रॉनस्नेही. ज्याच्याकडे द्यायला जोडी आहे, तो केंद्रकस्नेही. बहुतेक अभिक्रिया म्हणजे दुसऱ्याने पहिल्याकडे जाणे.

पुन्हा युरियाकडे चला. त्याच्या मधल्या कार्बनला ऑक्सिजन दुहेरी बंधाने जोडलेला आहे, म्हणजे तो कार्बन धनभारित. पाण्यातल्या ऑक्सिजनने त्याच्याकडे धाव घ्यायला हवी. तरी युरियाचे द्रावण वर्षानुवर्षे जवळजवळ तसेच राहते. का? कारण दोन्ही बाजूंचे नायट्रोजन आपली मोकळी इलेक्ट्रॉन-जोडी त्या कार्बनकडे अंशतः झुकवतात आणि त्याची भूक भागवतात. यालाच संस्पंदन म्हणतात. डाळीतल्या प्रथिनांत अमिनो आम्ले याच जातीच्या बंधाने जोडलेली असतात: कार्बनवर दुहेरी बंधाचा ऑक्सिजन आणि शेजारी नायट्रोजन. बोरसुरीची तूरडाळ कुकरमध्ये कितीही शिजली तरी तिच्या प्रथिनांच्या साखळ्या तुटत नाहीत. त्या तुटतात पोटात, विकरांच्या मदतीने. नायलॉनच्या दोरीतही हाच बंध आहे, म्हणून ती टिकते.

शेतात टाकलेला युरिया मात्र काही दिवसांतच फुटतो. मातीतल्या जिवाणूंमध्ये युरिएज नावाचे विकर असते. त्यात निकेलचे अणू असतात. ते कार्बनवरची इलेक्ट्रॉनची कमतरता वाढवतात आणि पाण्याला नेमक्या जागी आणून उभे करतात. युरियाचे अमोनिया आणि कार्बन डायऑक्साइड होतात. युरिया जमिनीवर उघडा पडला, वर ओल आणि ऊन असले, की तो अमोनिया हवेत उडतो. नाकाला तो झोंबतो तेव्हा तुमचे पैसे उडत असतात. म्हणून युरिया मातीत मिसळून द्यायचा. २०१५ पासून देशात बनणाऱ्या सगळ्या युरियाला निंबोळी तेलाचा लेप असतो. कडुनिंबातली द्रव्ये अमोनियमचे नायट्रेट करणाऱ्या जिवाणूंना मंदावतात आणि नायट्रोजन पिकाला जास्त काळ मिळतो.

युरिएजचा शास्त्राच्या इतिहासात आणखी एक मान आहे. १९२६ मध्ये जेम्स समनर यांनी ते अबईच्या जातीच्या शेंगेच्या बियांपासून स्फटिकरूपात मिळवले. स्फटिकरूपात मिळवलेले हे पहिले विकर. विकरे ही प्रथिने असतात, हे त्यावरून सिद्ध व्हायला सुरुवात झाली. आणि हेच विकर आपल्या सोयाबीनमध्येही आहे. सोयापेंड पुरेशी तापवली गेली का, हे तपासायला कारखान्यांत युरिएजची चाचणी घेतात.

हळदीचा रंग

शेवटचा रेणू हळदीचा. नांदेड-हिंगोलीकडे पिकणाऱ्या हळदीचा पिवळा रंग कर्क्युमिनचा. त्यात एकाआड एक अशी दुहेरी बंधांची लांब रांग आहे आणि इलेक्ट्रॉन त्या सगळ्या रांगेवर पसरलेले आहेत. जितकी रांग लांब, तितकी कमी ऊर्जा त्यांना हलवायला पुरते. कर्क्युमिन निळा-जांभळा प्रकाश शोषते, म्हणून डोळ्यांना पिवळे दिसते. अल्कली मिळाली की त्याच्या गटांवरचा हायड्रोजन निघून जातो, ऋण प्रभार रांगेवर पसरतो, शोषण आणखी कमी ऊर्जेकडे सरकते आणि रंग लाल होतो. हळदीला चुना लावून कुंकू करणाऱ्या बायकांना हा बदल पिढ्यानपिढ्या माहीत आहे. सदऱ्यावरचा वरणाचा डाग साबण लागताच लाल होतो, तोही याच कारणाने.

शिक्षकांना एक विनंती

आता हे सगळे एकत्र आणू. तीन पेले घ्या. बोअरचे जड पाणी नको, पावसाचे किंवा आरओचे घ्या. प्रत्येकात चमचाभर युरिया विरघळवा. पहिल्यात दुसरे काही घालू नका. दुसऱ्यात कच्च्या सोयाबीनचे पीठ घाला. तिसऱ्यात चांगल्या उकळून वाळवलेल्या सोयाबीनचे पीठ. टीपकागदावर हळदीचा लेप लावून, वाळवून त्याच्या पट्ट्या करा आणि थोड्या थोड्या वेळाने तिन्ही पेल्यांत बुडवून पाहा. दुसऱ्या पेल्यातली पट्टी लाल होईल, कारण सोयाबीनमधल्या युरिएजने युरिया फोडला आणि अमोनियाने द्रावण अल्कधर्मी झाले. पहिल्या पेल्यातली पिवळी राहील, कारण युरिया एकटा फुटत नाही. तिसऱ्यातलीही पिवळी राहील, कारण उकळल्यावर विकराचा आकार बिघडला आणि आकार गेला की काम गेले. प्रयोग संपल्यावर पेले नीट धुवा आणि ते पुन्हा पिण्यासाठी वापरू नका.

या तीन पेल्यांत संस्पंदन आहे, केंद्रकस्नेही हल्ला आहे, विकर आहे, दर्शक आहे. सामान सगळे गावात मिळते. तालुक्यातल्या प्रत्येक शाळेने नववी-दहावीच्या मुलांकडून हा प्रयोग एकदा तरी करून घ्यावा, अशी माझी शिक्षकांना विनंती आहे. आणि मुलांनी तो करण्याआधी कोणती पट्टी लाल होईल ते कारणासह वहीत लिहावे. अंदाज बांधून मग पाहणे, हीच या शास्त्राची रीत आहे.

विद्यार्थी मित्रांनो, कोणताही नवा रेणू समोर आला की तीन प्रश्न विचारा. कोण कोणाला जोडलेला आहे आणि त्याचा अवकाशातला आकार कसा आहे? कोणता क्रियात्मक गट आहे? इलेक्ट्रॉन कुठे जास्त आहेत, कुठे कमी? या तीन प्रश्नांनी सगळेच सुटेल असे नाही. काही अपवाद लक्षात ठेवावेच लागतील आणि सरावाला पर्याय नाही. पण पाठ केलेली अभिक्रिया परीक्षेनंतर विसरते, समजलेली आयुष्यभर कामाला येते. डॉक्टर झालात तर मिथेनॉलचा रुग्ण ओळखायला, शेती केलीत तर खत वाया न घालवायला, कारखाना काढलात तर सोयापेंड तपासायला.

आणि ज्यांना डॉक्टर व्हायचे नाही, त्यांनी स्वतःला कमी समजू नये. ज्या यूडीसीटीचा उल्लेख मी केला, तिचे पुढे इन्स्टिट्यूट ऑफ केमिकल टेक्नॉलॉजी झाले आणि २०१८ पासून तिचा मराठवाडा परिसर जालन्यात चालू आहे. जवळच वडवळ नागनाथच्या बेटावर औषधी वनस्पती शोधायला लोक लांबून येतात. अशा वनस्पतींतले काम करणारे रेणू ओळखणे, त्यांची रचना ठरवणे, त्यांच्यावरून नवी औषधे बनवणे, हे काम रसायनशास्त्रज्ञाचे आहे. अडुळशातल्या व्हॅसिसीनच्या रचनेवरून ब्रोमहेक्सिन हे कफाचे औषध असेच घडले. अशी पुष्कळ कामे व्हायची आहेत. ती करायला या तालुक्यातली मुले-मुली पुढे आली, तर ज्यांच्या नावाने आपण इथे जमलो त्या शिक्षकांचे काम पुढे चालू राहील.